पैनगंगेकाठची इंग्रजी: क्वार्टर, वाईन्स आणि बेल्ट शॉप

आदिलाबादेत ‘वाईन्स’ अशी पाटी दिसली म्हणून आत द्राक्षाची वाईन मिळेल, असे तिथला कोणी समजत नाही. दुकानात खपतात व्हिस्की, ब्रँडी, रम आणि बीअर. वाईनच्या दोन-चार बाटल्या असल्या तर वरच्या फळीवर धूळ खात असतात. देवाचे किंवा घरातल्या कुणाचे नाव आधी आणि ‘वाईन्स’ नंतर, ही पाट्यांची रीत तेलंगणभर सारखी. एक दुकान असले तरी शब्द अनेकवचनीच. बेला किंवा जैनथकडचा मराठी माणूससुद्धा ‘वाईन्सवर जाऊन येतो’ असेच म्हणतो.

पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात पिंपळखुटी, पांढरकवड्याकडे गेले की पाट्या बदलतात. ‘वाईन्स’चे ‘वाईन शॉप’ होते. त्याच्या जोडीला ‘परमिट रूम’ येते, ‘बीअर शॉपी’ येते आणि ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ही येते. आदिलाबादेत ‘बीअर शॉपी’ आणि ‘देशी दारूचे दुकान’ या पाट्या दिसत नाहीत. उलट तिकडे ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला ‘बेल्ट शॉप’ हा शब्द पांढरकवड्यात उच्चारला तर कमरेच्या पट्ट्यांचे दुकान विचारतो आहे, असे कुणाला वाटेल.

दोन्हीकडे मराठी बोलणारी माणसे आहेत आणि पिणाऱ्यांची तहानही एकाच जातीची आहे. मग शब्द वेगळे का? भाषाशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा या प्रश्नाचे उत्तर अबकारी खात्याच्या कागदांत लवकर सापडते. दारूची इंग्रजी या भागात साहेबाच्या क्लबातून फारशी आली नाही. ती आली परवान्यातून, बाटलीवरच्या लेबलातून आणि बंदीच्या हुकुमांतून. कायदा बदलला की पिणाऱ्याचा शब्दकोश बदलतो, आणि आदिलाबादच्या सीमेइतका याचा चांगला नमुना क्वचित मिळेल.

मुळात या सीमेचा बराच भाग नवा. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्याचा पसारा आजच्यापेक्षा मोठा होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे आले. पुढे राजुरा चांदा जिल्ह्यात गेले, किनवट नांदेडमध्ये राहिले. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, 2014 मध्ये तेलंगणात आला आणि 2016 मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. माणसे मात्र कुठे हलली नाहीत. तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी आणि दखनी उर्दू या पाच भाषा एकाच आठवडी बाजारात आजही ऐकू येतात.

इंग्रजीच्या आधी या बाजारात दारूचे शब्द कमी नव्हते. ताडाच्या आणि शिंदीच्या रसाला तेलुगूत कल्लु म्हणतात, गोंडीत दारूला कल. दखनीत सेंधी, मराठीत शिंदी आणि ताडी. मोहाला तेलुगूत इप्पा म्हणतात, म्हणून मोहाची दारू ती ‘इप्पा सारा’. गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूला मान आहे. ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ 1940 च्या दशकात मार्लवाई या गोंड गावात राहिला होता. 1948 मध्ये निघालेला आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्याचा ग्रंथ आजही या विषयात पहिला धरला जातो.

पण सरकारी कागदाने बोलीला शब्द देण्याची चाल त्या काळातही होतीच. मराठीत ‘दारूचा गुत्ता’ म्हणतात तो गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. तेलुगूत मक्त्याला ‘गुत्त’ म्हणतात, आणि मराठवाड्यात रस्ते-धरणांची कामे घेणारा कंत्राटदार आजही ‘गुत्तेदार’च असतो. दारू विकण्याचा मक्ता ज्याने घेतला त्याची जागा तो गुत्ता. हिंदी मुलखात ‘ठेका’ शब्दाचेही हेच झाले. लिलाव विस्मरणात गेला, बदनामी तेवढी शब्दाला चिकटली.

आता मुख्य शब्दाकडे येऊ. क्वार्टर.

क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर, हाफ म्हणजे 375, फुल म्हणजे 750. शाळेत पावकी-निमकी न शिकलेला माणूसही हे कोष्टक चुकत नाही. कोष्टक स्वतः मात्र चुकीचे आहे. 750 चा चौथा हिस्सा 187.5 होतो, 180 नव्हे. साडेसात मिलिलिटर कुठे गेले, असे विचारणारा ग्राहक अजून जन्माला यायचा आहे. 180 चा हिशेब वेगळ्या बाजूने जमतो: मोठा पेग 60 मिलिलिटरचा, त्याचे बरोबर तीन. हाफमध्ये असे सव्वासहा पेग बसतात, फुलमध्ये साडेबारा. खात्याच्या इंग्रजी दरपत्रकात या बाटल्यांना क्वार्ट, पिंट आणि निप म्हणतात. म्हणजे कागदावर ‘क्वार्ट’ ही सर्वांत मोठी बाटली, आणि लोकांच्या तोंडची ‘क्वार्टर’ त्याच कागदावर ‘निप’. इंग्रजी जाणणाऱ्या नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो.

750 हा आकडाही दशमान पद्धतीच्या डोक्यातून निघालेला नाही. ब्रिटिश गॅलनचा सहावा हिस्सा म्हणजे सुमारे 757 मिलिलिटर, आणि तीच जुनी व्हिस्कीची बाटली. अमेरिकेचा गॅलन लहान, तेव्हा त्याचा पाचवा हिस्सा घेतला की जवळपास तेवढेच भरते. म्हणून अमेरिकन बोलीत त्या बाटलीचे नाव ‘फिफ्थ’. कॅनडात 375 च्या बाटलीला ‘मिकी’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात तर राज्याची हद्द ओलांडली की ग्लासाचे नाव बदलते. 285 मिलिलिटर बीअरचा ग्लास व्हिक्टोरियात ‘पॉट’ असतो आणि न्यू साउथ वेल्समध्ये ‘मिडी’. ‘स्कूनर’ मागितला तर सिडनीत 425 मिलिलिटर मिळते, पण त्याच नावाखाली ॲडलेडमध्ये 285. पैनगंगेच्या दोन तीरांवर जे घडते त्याचेच हे लांबचे भाऊबंद.

मराठीने या शब्दांना आपल्या व्याकरणात कसे बसवले, तेही पाहण्याजोगे आहे. ‘फुल आणली’, ‘हाफ संपली’, ‘क्वार्टर मारली’: तिन्ही स्त्रीलिंगी, कारण मनात बाटली आहे. त्याच बाटल्यांची देशी नावे घेतली की लिंग बदलते. खंबा आणला, अद्धा संपला, पव्वा मारला. चपटी मात्र पुन्हा स्त्रीलिंगी. या लिंगभेदाचा व्यवहारात उपयोगही होतो. मंचेरियल, बेल्लमपल्ली ही सिंगरेणीच्या कोळसा खाणींची गावे, आणि खाणीत नोकरी म्हणजे कंपनीचे घर. तिथे ‘क्वार्टर मिळालं’ म्हटले तर अभिनंदन करायचे. ‘क्वार्टर मिळाली’ म्हटले तर प्रसंग निराळा.

तेलुगूभाषकाला मात्र क्वार्टरपेक्षा ‘नाईन्टी’ अधिक लाडकी. 90 मिलिलिटर, म्हणजे दीड पेग. ‘नाईन्टी वेद्दामा’ हे आमंत्रण असते, माप नव्हे. 2019 मध्ये ‘90 एमएल’ याच नावाचा तेलुगू चित्रपट आला होता. त्यातल्या नायकाला जन्मापासूनच्या विकारामुळे दिवसातून तीनदा तेवढी दारू औषधासारखी घ्यावी लागते. तमिळनाडूत एका क्वार्टरचे दोघांत दोन वाटे केले की त्याला ‘कटिंग’ म्हणतात. 2010 च्या एका तमिळ चित्रपटाच्या नावात क्वार्टर आणि कटिंग दोन्ही आहेत. मुंबईकराला हे ऐकून चहा आठवेल. दारूसोबत खायच्या पदार्थांना मराठीत चखणा म्हणतात, तर हैदराबादी तेलुगूत ‘स्टफ’. अमली पदार्थांसाठी ‘स्टफ’ वापरणाऱ्या मुंबईच्या पोलिसाला तिकडच्या हॉटेलात कुणी ‘स्टफ काय काय आहे?’ विचारताना ऐकले तर दचकायला होईल. विचारणाऱ्याला हवे असतात शेंगदाणे.

लेबलावरचा आणखी एक इंग्रजी तुकडा बहुतेक पिणाऱ्यांच्या नजरेखालून जातो, पण कळत नाही: ‘25 यू.पी.’ याचा उत्तर प्रदेशाशी संबंध नाही. ‘अंडर प्रूफ’ची ती आद्याक्षरे. जुन्या काळी इंग्लंडात दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेट घेते का, हे पाहून पिण्याच्या दारूची ताकद ठरवत. पेटली तर ‘प्रूफ’. पुढे हे प्रमाण 57.1 टक्के अल्कोहोल असे पक्के झाले. त्याहून पंचवीस टक्के कमी म्हणजे 42.8, आणि तोच आकडा भारतातल्या व्हिस्की-रमच्या लेबलावर छापलेला असतो. बंदुकीत भरायची आणि ग्लासात ओतायची अशा दोन्ही वस्तूंना एकच नाव असलेल्या मराठी वाचकाला या परीक्षेची गंमत अधिक कळावी. तेलुगूही मागे नाही. तिथे ‘मंदु’ म्हणजे औषध, दारू आणि स्फोटाची दारूदेखील. फारसीतून आलेल्या ‘दारू’चा मूळ अर्थही औषधच, ‘दवादारू’त तो टिकून आहे.

या भागात ‘इंग्लिश’ म्हणजे काय, हेही सांगायला हवे. इंग्लिश म्हणजे विलायती नावाची, सीलबंद, लेबल लावलेली दारू. सरकारी भाषेत तिचे नाव आयएमएफएल, म्हणजे भारतात तयार झालेली विदेशी दारू. वस्तू एकाच वेळी भारतीय आणि विदेशी कशी असू शकते, हा प्रश्न खात्याला कधी पडलेला दिसत नाही. तिच्यातला मद्यार्क बहुतेक वेळा उसाच्या मळीचा असतो. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की म्हणायची तर ती धान्याचीच लागते. म्हणजे ‘इंग्लिश’चे मूळ पुष्कळदा साखर कारखान्यात, आणि महाराष्ट्रात ‘देशी’ म्हणून मिळणाऱ्या संत्र्याच्या चवीच्या दारूचे मूळही तिथेच. फरक उरतो तो कर, लेबल आणि प्रतिष्ठा यांचा.

‘देशी’ या शब्दाची कथा सीमेवर सर्वांत रंगतदार होते. महाराष्ट्रात देशी दारू हा परवान्याचा वेगळा वर्ग आहे. दुकानदार त्याला ‘सीएल-थ्री’ म्हणतो, पिणारा ‘कंट्री’ म्हणतो. विदर्भात ‘रॉकेट संत्रा’ हे नाव सगळ्यांच्या ओळखीचे. आंध्रात असा वर्ग होता तो सारा ऊर्फ अरॅकचा. 1980 च्या दशकात सरकारच ‘वारुणि वाहिनी’ योजनेखाली प्लास्टिकच्या पिशव्यांतून ती गावोगाव पोचवत होते, आणि ‘पॅकेट’ हा शब्द घरोघर गेला तो त्या पिशव्यांमुळे. 1992 मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायका उठल्या. साक्षरता वर्गात जमणाऱ्या या बायकांनी गावातले साराचे दुकान बंद पाडले आणि आंदोलन राज्यभर पसरले. ऑक्टोबर 1993 मध्ये अरॅकवर बंदी आली. जानेवारी 1995 मध्ये एन. टी. रामाराव यांनी संपूर्ण दारूबंदी केली. 1997 मध्ये चंद्राबाबू नायडूंनी ती सैल केली, पण अरॅक परत आली नाही.

परिणाम असा की पैनगंगेच्या दक्षिणेला स्वस्त, परवान्याची, देशी दारू उरलीच नाही. उत्तरेला ती आहे. मग ती नदी ओलांडते. आदिलाबादच्या तेलुगू बातम्यांत ‘देशीदारू’ हा अख्खा शब्द जसाच्या तसा छापून येतो आणि त्याचा अर्थ एकच असतो: महाराष्ट्रातून चोरून आणलेली ती. तेलुगूत देशी दारूला दुसरे शब्द नाहीत असे नव्हे. पण या विशिष्ट मालाला महाराष्ट्राच्या परवान्यावरचे नावच चिकटले.

उलट दिशेची वाहतूकही झाली. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. शेजारचा गडचिरोली 1993 पासून कोरडा, वर्धा त्याच्याही आधीपासून. 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. मधल्या सहा वर्षांत राजुरा, जिवती, गोंडपिपरीकडच्या पिणाऱ्यांना आसिफाबादची बाजू जवळची झाली, आणि ‘फक्त तेलंगणात विक्रीसाठी’ असे छापलेल्या बाटल्या पोलिसांच्या पंचनाम्यात वारंवार दिसू लागल्या.

‘बेल्ट’ हाही असाच बंदी-परवान्याच्या फटीत उगवलेला शब्द. परवाना एका वाईन्सला; पण त्याच मालाचे खोके आजूबाजूच्या खेड्यांत किराणा दुकानात, पानटपरीत, घरात जाऊन पोचतात आणि छापील किमतीवर थोडे चढवून विकले जातात. हे बेल्ट शॉप. कायद्यात त्याला जागा नाही, तरी मंत्र्यांच्या भाषणात, ग्रामपंचायतीच्या ठरावात आणि वर्तमानपत्रात हाच शब्द. जून 2014 मध्ये चंद्राबाबू नव्या आंध्रचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा पहिल्या दिवशी ज्या फायलींवर त्यांनी सह्या केल्या त्यांत बेल्ट शॉप बंद करण्याची एक होती. ज्या धंद्याला कधी परवानाच दिला नव्हता तो सही करून बंद करावा लागला.

नदीच्या उत्तरेला ‘परमिट’ शब्दाचेही मूळ कायद्यात आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू पिणे हा आजही परवान्याचा विषय. एक दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. आयुष्यभरासाठीचाही मिळतो. परमिट रूम म्हणजे परमिट असलेल्यांची खोली. आत बसलेल्या किती जणांच्या खिशात परमिट असते, हे विचारायची पद्धत नाही. तेलंगणातही ‘परमिट रूम’ आहे, पण अर्थ दुसरा. तिथे पिणाऱ्याला परमिट लागत नाही. वाईन्सला लागून उभ्याउभ्या पिण्याची जी मुभा दुकानदार शुल्क भरून घेतो, ती ही खोली. शब्द एक, पण एका तीरावर परवाना गिऱ्हाइकाचा आणि दुसऱ्या तीरावर दुकानाचा. खात्यांची नावेही पाहावीत. महाराष्ट्रात ‘राज्य उत्पादन शुल्क’, तेलंगणात ‘प्रोहिबिशन अँड एक्साईज’, म्हणजे बंदी आणि वसुली एकाच टेबलावर.

आता उलट बाजूचा पुरावा. ज्या दारूला लेबल नाही, तिला इंग्रजी शब्दही फारसा मिळालेला नाही. मोहाची ती मोहाचीच. काळा गूळ आणि तुरटी घालून काढलेली ती तेलंगणात ‘गुडुंबा’, महाराष्ट्रात ‘हातभट्टी’. तिची प्रतवारीसुद्धा शुद्ध मराठीत: पहिल्या धारेची. शिंदी-ताडीचेही तेच, एक अपवाद सोडून. जिथे परवान्याने कल्लु विकला जातो त्या आवाराला तेलंगणात ‘कल्लु कंपाउंड’ म्हणतात. परवाना आला, तशी इंग्रजीही आली. आणि ‘कंपाउंड’ तरी अस्सल इंग्रजी कुठे? यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याचे मूळ मलय भाषेतल्या ‘कंपोंग’कडे नेले आहे. त्याच कोशात ‘ब्रँडी-पानी’ आहे, अरॅक आहे आणि ‘टॉडी’ही आहे. टॉडी म्हणजे आपली ताडी. स्कॉटलंडमध्ये ती गरम पाणी आणि साखर घातलेली व्हिस्की झाली.

कंपाउंडमधला कल्लु नेहमी झाडाचाच असतो असे नाही. झाडे कमी, गिऱ्हाईक फार. मग पाण्यात क्लोरल हायड्रेट किंवा डायझेपामसारखी गुंगीची रसायने मिसळली जातात. 2015 मध्ये तेलंगणात यावर एकदम कडक कारवाई झाली, तेव्हा रोजची सवय तुटलेले शेकडो लोक झटके, भास आणि थरथर घेऊन निजामाबाद, महबूबनगरच्या सरकारी दवाखान्यांत दाखल झाले होते. ताडी म्हणून जे पीत होते ते बरेचसे औषधच होते, हे त्यांना त्या आठवड्यात कळले.

पिण्याच्या क्रियेला मात्र इंग्रजीची गरज पडली नाही. मराठीत मारतात, लावतात, टाकतात; सभ्य माणसे नुसते ‘घेतात’ आणि मित्र ‘बसतात’. तेलुगूतही ‘कोट्टडम’ म्हणजे मारणे. इंग्रजी येते ती परिणाम सांगताना: किक बसली, टाईट झाला, फुल आउट झाला. यातला ‘टाईट’ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बोलीतला. खुद्द इंग्लंडात तो आता जुनाट वाटतो. किनवटच्या बसस्थानकावर मात्र ताजा आहे.

वर्तमानपत्रांनी पिणाऱ्याला दिलेली नावेही सीमेवर बदलतात. तेलुगू पत्रे ‘मंदुबाबू’ म्हणतात, मराठी पत्रे ‘तळीराम’. हा तळीराम राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला, 1919 साली रंगभूमीवर आला आणि अजून बातम्यांतून उतरलेला नाही. गाडी चालवताना सापडला तर महाराष्ट्रात तो ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’, तेलंगणात ‘ड्रंकन ड्राइव्ह’. मर्यादा दोन्हीकडे एकच: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम.

मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135-सी प्रमाणे दारूविक्री बंद असते. लोक त्याला ‘ड्राय डे’ म्हणतात, मराठी हुकुमात ‘कोरडा दिवस’ लिहितात. जिवती तालुक्याच्या टोकाला परांडोळी, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी 14 गावे आहेत, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. तिथल्या अनेकांची नावे दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत आहेत. 30 नोव्हेंबर 2023 ला तेलंगण विधानसभेचे मतदान झाले आणि 20 नोव्हेंबर 2024 ला महाराष्ट्राचे. नुसत्या विधानसभांसाठी वर्षाच्या आत दोनदा कोरडे, एकदा ‘वाईन्स’ बंद म्हणून आणि एकदा ‘वाईन शॉप’ बंद म्हणून.